लाँग रननंतर साखर कोणती? स्नायूंच्या इंधनभरणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारचा लाँग रन (आठवड्यातली सगळ्यात लांब धाव) संपला की आमच्या ग्रुपमध्ये निम्म्या गप्पा पेसच्या, म्हणजे पळण्याच्या वेगाच्या, होतात आणि निम्म्या खाण्याच्या. खाण्याचे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतात. गूळ बरा की साखर? मधाने काही होतं का? ग्लुकोजचा डबा आणू का? तीच उत्तरं मोबाइलवर टाइप करून कंटाळले, म्हणून सगळी इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. घाईत असाल तर "किती घ्यायची?" हा प्रश्न आधी वाचा, बाकीचं सावकाश.

पळताना शरीरातलं नेमकं काय संपतं?

ग्लायकोजेन. ग्लुकोजचे हजारो कण फांद्याफांद्यांनी जोडून शरीर जो साठा करतं, त्याचं हे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी तो यकृतात शोधला. मोठ्या माणसाच्या सगळ्या स्नायूंत मिळून साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं. म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. पळण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे एक कॅलरी, तेव्हा ६० किलोच्या माणसाला फुल मॅरेथॉनला अडीच हजार लागतात. जोडीला चरबी जळत असते म्हणून निभतं. पण वेग वाढवाल तसा चरबीचा वाटा घटतो आणि ग्लायकोजेनचा वाढतो. तीस-बत्तीस किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. स्नायूतला साठा ज्याचा त्यालाच वापरता येतो. दंडातलं ग्लायकोजेन मांडीच्या कामी येत नाही, कारण ते पुन्हा ग्लुकोज करून रक्तात सोडायला जे एन्झाइम लागतं ते स्नायूंकडे नसतं. यकृताकडे असतं. रक्तातली साखर सांभाळण्याचं काम त्यामुळे यकृताकडे आहे, आणि मेंदूचं पोट त्याच रक्तावर चालतं.

रिकामा झालेला साठा भरायला किती वेळ लागतो?

व्यवस्थित खाल्लं तर २० ते २४ तास. तासाला साधारण पाच टक्के असा हिशोब धरा. कितीही खाल्लं तरी सकाळी आठला रिकामे झालेले पाय दुपारी बारापर्यंत पूर्ण भरत नाहीत. सोमवारी सुट्टी घेऊन मंगळवारी हळू पाच किलोमीटर पळणाऱ्यांना यात काळजी करण्यासारखं काहीच नाही, आणि आपण बहुतेकजण याच गटातले. खरा प्रश्न येतो तो शनिवारी ३० आणि रविवारी पुन्हा २० पळणाऱ्यांचा, सकाळ-संध्याकाळ सराव करणाऱ्या पोरांचा आणि सायकलच्या रिले शर्यतींचा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात ९ दिवसांच्या आत पुरी केली. असल्या शर्यतीत एक सायकलवर असतो तेव्हा दुसऱ्याच्या हातात विश्रांतीचे थोडेसे तास असतात. तिथे काय खाल्लं याला खरोखर किंमत येते.

पण साखर म्हणजे साखर. ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज असे भेद कशाला?

कारण तोंडात गोड लागणाऱ्या या सगळ्यांच्या आत गेल्यावर वाटा वेगळ्या होतात.

ग्लुकोज सगळ्यात सरळ. आतड्यातून रक्तात, रक्तातून स्नायूत. पळून आल्यावर लगेचच्या वेळात तर स्नायूंच्या पेशींवर ग्लुकोज आत ओढणारे वाहक भरपूर आलेले असतात (ग्लुट-४ हे त्यांचं नाव), आणि पहिला अर्धा-पाऊण तास हे काम इन्सुलिनची फारशी वाट न बघता चालतं. ग्लायकोजेन बांधणारं एन्झाइमही साठा जितका रिकामा तितकं जोरात काम करतं. पिष्टमय पदार्थ, म्हणजे भात, पोहे, बटाटा, साबुदाणा, हे पचले की शेवटी ग्लुकोजच होतात.

फ्रुक्टोज म्हणजे फळसाखर. तिचा आतड्यातला दरवाजाच वेगळा. ती बहुतांशी यकृतात थांबते (थोडीफार आतड्यातच बदलली जाते), आणि तिथून ग्लुकोज किंवा लॅक्टेट (स्नायूंना इंधन म्हणून जाळता येणारा पदार्थ) होऊन बाहेर पडते. स्नायूंना ती थेट फारशी उपयोगी नाही.

गॅलॅक्टोज ही दुधातली. लॅक्टोज फुटलं की एक ग्लुकोज आणि एक गॅलॅक्टोज. हिचाही मुक्काम यकृतातच.

सुक्रोज म्हणजे आपल्या डब्यातली साखर: अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. आतड्यात ते फुटतं आणि दोघं आपापल्या दाराने आत जातात.

माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव पळताना खायच्या गोड जेलच्या पाकिटावर दिसतं. ती ग्लुकोजची छोटी साखळी आहे. गोडी जवळपास नाही, त्यामुळे घसा न चिकटवता बरीचशी घेता येते. पचल्यावर ग्लुकोजच.

१९८७ मध्ये स्नायूंचे तुकडे काढून यातल्या तिघांची तुलना झाली. व्यायामानंतर दर दोन तासांनी सारख्या मापाचं ग्लुकोज, सुक्रोज किंवा फ्रुक्टोज दिलं. ग्लुकोज आणि सुक्रोज बरोबरीत सुटले. फ्रुक्टोजवर स्नायू भरण्याचा वेग जवळपास निम्मा होता.

म्हणजे फळसाखर वाईट? "नैसर्गिक" म्हणून मी मुद्दाम ऑनलाइन मागवली होती.

वाईट नाही, एकटी असेल तर या कामाला तोकडी आहे. शिवाय नुसतं फ्रुक्टोज एका वेळी ५० ग्रॅमच्या वर गेलं तर बऱ्याच जणांच्या आतड्याला ते शोषून घेणं जमत नाही. उरलेलं मोठ्या आतड्यात आंबतं: पोट फुगतं, कळा येतात, पुढचं सांगायला नको. आमच्यातल्या एकाने चार मोठे चमचे फळसाखर लिंबूपाण्यात ढवळून घेतली होती. परतीच्या वाटेवर गाडी दोनदा थांबवावी लागली. त्याने तो डबा मला भेट दिला, अजून फडताळात आहे.

फळांना हे लागू नाही. केळ्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज आणि थोडं पिष्ट असं सगळंच असतं.

साध्या साखरेत निम्मं फ्रुक्टोज आहे, तरी ती ग्लुकोजच्या बरोबरीला कशी येते?

हा प्रश्न मला फार आवडतो. नुसतं ग्लुकोज घेतलं की त्यातला काही भाग यकृत स्वतःसाठी ठेवून घेतं. सोबत फ्रुक्टोज असेल तर यकृताचं त्याच्यावर भागतं आणि ग्लुकोज स्नायूंकडे जायला मोकळं राहतं. शिवाय यकृतातून निघालेलं लॅक्टेट आणि ग्लुकोज पुढे स्नायूंनाही मिळतं.

२०१६ चा एक अभ्यास नीट मांडलेला आहे. सरावातल्या सायकलपटूंना दमवून नंतर पाच तास दर तासाला वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम ग्लुकोज किंवा सुक्रोज दिलं. मांडीतलं ग्लायकोजेन दोन्ही वेळा सारखंच भरलं. यकृतातलं मात्र सुक्रोजवर जास्त भरलं. आणि पोटाच्या तक्रारी सुक्रोजवर कमी होत्या. त्याआधी २०११ मध्ये माल्टोडेक्स्ट्रिनला फ्रुक्टोज किंवा गॅलॅक्टोज जोडून पाहिलं होतं. नुसत्या ग्लुकोजच्या जोडीपेक्षा यकृत जवळपास दुप्पट वेगाने भरलं.

थोडक्यात, स्वयंपाकघरातला डबा महाग पाकिटांच्या पंगतीत मानाने बसतो.

यकृत भरलं काय, न भरलं काय. पळतात तर पाय!

पाय पळतात, पण रक्तातली साखर घसरली की पाय भरलेले असूनही माणूस बसतो. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी शर्यत संपवलेल्यांचं रक्त तपासलं. जे पांढरेफटक, गोंधळलेले, थरथरत आले होते, त्यांची साखर खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावकांना आधी पिष्टमय आहार आणि वाटेत गोळ्या-मिठाई खायला सांगितलं, आणि तो प्रकार टळला. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि आजही हाफ मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात रस्त्याकडेला बसलेलं कुणी दिसलं की मला तीच आठवते.

आता रिकव्हरीकडे, म्हणजे दमल्यावर शरीर पुन्हा भरून येण्याकडे. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये धावकांना दमवलं, चार तास विश्रांती दिली, आणि त्या वेळात एकदा माल्टोडेक्स्ट्रिनबरोबर ग्लुकोज, एकदा माल्टोडेक्स्ट्रिनबरोबर फ्रुक्टोज दिलं. मग थकेपर्यंत पळवलं. ग्लुकोजवाल्या दिवशी सरासरी ६१ मिनिटं, फ्रुक्टोजवाल्या दिवशी ८१. चार तासांनी पुन्हा पळायचं असेल तर हा फरक मोठा आहे. दुसऱ्या दिवशी पळायचं असेल तर यकृत तसंही दिवसभरच्या जेवणातून भरतंच.

किती घ्यायची?

लगेच पुन्हा मैदानात उतरायचं असेल तर पहिले चार तास दर तासाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं. ६० किलोच्या धावकाला तासाला ६० ते ७२ ग्रॅम. त्याहून जास्त घेऊन स्नायू आणखी वेगाने भरत नाहीत, पोट मात्र भरतं.

घरात वजनकाटा असेल तर एकदा मोजून बघा, डोळे उघडतात. मी शिकरण मोजलं होतं. दोन मध्यम केळी सोलून २०० ग्रॅमच्या आसपास भरली, म्हणजे साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं. २०० मिलिलिटर दुधात १०. वर दोन चमचे साखर, तेही १०. झाले ७०. म्हणजे एका तासाचा पूर्ण हप्ता, आणि त्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज तिघंही हजर, वर आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं. कुठल्याही कंपनीला यापेक्षा बरं पाकीट जमवता आलेलं माझ्या पाहण्यात नाही. पोह्यांचं म्हणाल तर ६० ग्रॅम कोरडे पोहे, म्हणजे घरची एक मध्यम बशी, ४६ ग्रॅमच्या आसपास देतात. टपरीवरच्या बशीत बऱ्याचदा यापेक्षा कमी पोहे आणि जास्त शेव असते.

घाई नसेल तर तासातासाचा हिशोब सोडून द्या. रोज एक ते तीन तास जोरात सराव करणाऱ्याला दिवसभरात दर किलोमागे ६ ते १० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ते जेवणातून यायला हवं. रात्री "कार्ब्ज नको" म्हणून नुसतं सॅलड खाऊन सकाळी इंटरव्हल (थांबून-थांबून जोरात चारशे-चारशे मीटर पळणं) करायला येणाऱ्यांना मी काहीच सांगत नाही, तिसऱ्या चारशेला त्यांचे पायच सांगतात.

पळून झाल्यावर अर्ध्या तासात खाल्लं नाही तर सगळं वाया जातं म्हणतात?

नाही जात. ही समजूत १९८८ च्या एका प्रयोगावरून पसरली. व्यायाम संपल्यावर लगेच कर्बोदकं दिली तेव्हा पहिल्या काही तासांत ग्लायकोजेन वेगाने बनलं. दोन तास उशिरा दिली तेव्हा नंतरचा वेग जवळपास निम्मा राहिला. प्रयोग खराच आहे. पण पुढे १९९७ मध्ये कुणीतरी ८ तासांनी आणि २४ तासांनी मोजून पाहिलं, तर लगेच खाणारे आणि दोन तासांनी खाणारे बरोबरीला आलेले होते. पहिला प्रयोग सगळ्यांना माहीत, दुसरा कुणालाच नाही.

तेव्हा संध्याकाळी पुन्हा पळायचं असेल तर बूट काढतानाच केळं सोला. नसेल तर आंघोळ करा, पेपर वाचा, मग जेवा.

गूळ, मध, खजूर, उसाचा रस: यांत पहिला नंबर कोणाचा?

ग्लायकोजेनच्या दृष्टीने सगळे साखरेचेच नातेवाईक.

गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटं, थोडी खनिजं. चवीसाठी जरूर खा. मी कोल्हापुरी पिवळा गूळ शेंगदाण्याबरोबर खाते. पण "साखर विष, गूळ औषध" हे स्नायूंना ठाऊक नाही.

मधात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा थोडं जास्त. खजुरात दोन्ही साधारण सारखी. दोन्ही वर सांगितलेल्या मिश्रणाच्या जवळ जातात, म्हणून चालतात. खजूर खिशात मावतो, हा त्याचा मोठा गुण.

उसाच्या रसाबद्दल मात्र एक तक्रार आहे. रस उत्तम, त्यात १३ ते १५ टक्के साखर, बहुतेक सगळी सुक्रोज, आणि आलं-लिंबू असेल तर पळून आल्यावर त्याच्यासारखं काही नाही. पण ग्लास बर्फाने भरलेला असतो. एकदा पार्सल आणून घरी गाळून पाहिला, तर अडीचशेच्या ग्लासात रस १६० मिलिलिटरच. म्हणजे २२-२३ ग्रॅम साखर. तासाच्या हप्त्याला असे तीन ग्लास लागतील. "बिनबर्फाचा" म्हणून सांगा, आणि गुऱ्हाळ स्वच्छ आहे ना ते आधी पाहा.

ग्लुकोज पावडर आणि ओआरएस?

ग्लुकोज पावडर म्हणजे जवळपास शुद्ध ग्लुकोज. स्नायूंसाठी उत्तम, यकृतासाठी साखरेपेक्षा थोडी मागे. एका ग्लासात दोन चमचे घालून "एनर्जी आली" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते दहा-पंधरा ग्रॅम झाले. आलेली एनर्जी बरीचशी थंड पाण्याची असते.

ओआरएस हे वेगळं प्रकरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार एक लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. ते तिथे इंधन म्हणून घातलेलंच नाही. आतड्यातून मीठ आणि पाणी आत खेचायला ग्लुकोजची जोड लागते, तेवढ्यापुरतं ते असतं. घाम खूप गेला असेल तर जरूर घ्या, पण ग्लायकोजेनसाठी वेगळं खावं लागेल.

महागड्या रिकव्हरी पावडरीने काही जास्त होतं का?

सोय होते. पहाटे चारला घर सोडलंय, नाश्त्याचा पत्ता नाही, डबा नेता येत नाही, अशा वेळी पिशवी फाडून पाण्यात ढवळणं सोपं. याहून जास्त मी देऊ शकत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठात ११ पुरुषांना दीड तास सायकलवर दमवून मग चार तासांत एकदा खेळाडूंची खास उत्पादनं आणि एकदा बर्गर, फ्राइज, पॅनकेक असलं फास्ट फूड दिलं. ग्लायकोजेन सारखंच भरलं आणि नंतरच्या २० किलोमीटरच्या वेळेतही फरक पडला नाही. याचा अर्थ रोज बर्गर खा असा कुणी काढू नये. पण वडापाव खाल्ला म्हणून रिकव्हरी बुडाली अशी खंतही बाळगू नये. कर्बोदकं पुरेशी असतील तर सोबतचं तेल-तूप ग्लायकोजेनला आडवं येत नाही. फक्त पोट लवकर भरतं आणि मग पुरेसं खाल्लं जात नाही.

सोबत प्रोटीन हवंच का?

कर्बोदकं कमी पडत असतील, म्हणजे तासाला किलोमागे ०.८ ग्रॅमच्या खाली, तर ०.३ ते ०.४ ग्रॅम प्रथिनं जोडल्याने ग्लायकोजेन भरायला मदत होते. कर्बोदकं भरपूर असतील तर ग्लायकोजेनला त्याचा जास्तीचा फायदा दिसत नाही. स्नायूंच्या डागडुजीला प्रथिनं हवीतच, पण तो वेगळा विषय.

एकादशीला लाँग रन आला तर?

साबुदाणा आहे की! एरवी आहारतज्ज्ञ त्याला नावं ठेवतात: नुसतं पिष्ट, प्रथिनं नाहीत, तंतू नाहीत. पळून आल्यावर नेमकं हेच हवं असतं. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं. पाऊण वाटी साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट, वर चमचाभर साखर (आमच्याकडे घालतात, तुमच्याकडे नसतील घालत, भांडण नको), सोबत दोन खजूर. यकृताचीही सोय झाली. रताळं, राजगिऱ्याचा लाडू हेही चालेल. निर्जळी उपवास करणाऱ्यांनी मात्र लाँग रन दुसऱ्या दिवशी ढकलावा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉननंतर नीट खाल्लं तरी तीन दिवस पाय रिकामे वाटतात. असं का?

उतारामुळे. साताऱ्याच्या हाफला निम्मं अंतर यवतेश्वर घाटातून चढायचं आणि निम्मं उतरायचं. चढताना फुफ्फुसं बोलतात, म्हणून आपल्याला तेच कठीण वाटतं. नुकसान होतं ते उतरताना. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून शरीराला थोपवत असतात, आणि त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. इजा झालेला स्नायू रक्तातलं ग्लुकोज नीट आत घेत नाही, शिवाय तिथे जमलेल्या पेशी स्वतःच बरंचसं ग्लुकोज खातात. त्यामुळे त्या पायांत ग्लायकोजेन एक-दोन दिवस हळू भरतं.

यावर साखरेचा प्रकार बदलून उपाय होत नाही. त्या दोन-तीन दिवसांत कर्बोदकं थोडी जास्त घ्या आणि जोराचा सराव टाळा. शर्यतीच्या आधीच्या महिन्यांत उताराचा सराव केला असेल तर इजा कमी होते. सिंहगडावर चढून जाऊन गाडीने खाली येणाऱ्यांना उद्देशून हे लिहिलं आहे.

चहा-कॉफीने रिकव्हरी वाढते असं वाचलं.

२००८ च्या एका अभ्यासात कर्बोदकांबरोबर किलोमागे ८ मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर चार तासांत ग्लायकोजेन बरंच जास्त भरलं होतं. ६० किलोच्या माणसाला ते ४८० मिलिग्रॅम होतं, म्हणजे चहाचे दहाएक कप. नंतर कमी मात्रेवर दुसऱ्यांनी केलं तेव्हा फायदा दिसला नाही. चहा चहा म्हणून प्या. बिअरचं विचाराल तर ती कर्बोदकांची जागा घेते आणि जेवण बुडवते, तोटा मुख्यतः तिथे.

माझी आई वारीला चालते. तिला हे लागू होतं का?

फारसं नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, तीनएक आठवड्यांत. पुण्याहून सासवडला दिवेघाट चढून जायचा तीसएक किलोमीटरचा एक दिवस सोडला तर बाकी चाल संथ आणि लांब. संथ चालीला बरंचसं इंधन चरबीतून मिळतं आणि वाटेत खायला तर पावलापावलावर मिळतं. काकूंना पाणी, मीठ आणि पायाच्या फोडांकडे लक्ष द्यायला सांगा. चिक्की पिशवीत असू द्या.

मला मधुमेह आहे आणि मी हाफ पळतो. साखर घेऊ का?

इथे लिहिलेले आकडे तुमच्यासाठी नाहीत, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. दोन गोष्टी विचारून घ्या. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर लांब पळल्यानंतर कित्येक तासांनी, अगदी मध्यरात्रीही साखर घसरू शकते, कारण स्नायू तेव्हाही रक्तातून ग्लुकोज ओढत असतात. त्या दिवशीचा डोस आणि रात्रीचं खाणं कसं ठेवायचं? आणि पळताना खिशात काय ठेवायचं? साखर घसरलीच तर तिथे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर सगळ्यात कामाची, कारण तिला यकृताचा वळसा घ्यावा लागत नाही.

रोज सकाळी पाच किलोमीटर जॉग करतो, वजन कमी करायचंय. नंतर काय घेऊ?

पाणी. आणि मग रोजचा नाश्ता. ७० किलोच्या माणसाचे पाच किलोमीटरला साडेतीनशे कॅलरी जातात. एक मोठा उसाचा रस आणि एक जिलबी यांत ते सहज परत येतात.

लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर वजन वाढलेलं दिसतं. पळूनही?

दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर स्नायू साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. नीट जेवून ४०० ग्रॅम ग्लायकोजेन परत भरलं असेल तर त्याच्यासोबत सव्वा लिटरच्या आसपास पाणी आलं, म्हणजे काट्यावर दीड किलोच्या वर. कुणी आठवडाभर भात-पोळी सोडून "दोन किलो उतरले" म्हणतो, त्यातलं बरंचसं हेच पाणी असतं, उलट्या दिशेने गेलेलं. सोमवारी सकाळी मी काट्यावर उभी राहत नाही. काटा पलंगाखाली असतो, गुरुवारी काढते.